मॅन्चिनच्या खुर्चीवर दुसरं कोण बसलं असतं?

अमेरिकी राजकारणावरचा एक मराठी मजकूर गेली काही वर्षं ग्रुपाग्रुपांतून फिरतो आहे. ट्रम्प परत निवडून आल्यावर त्याला नवी पालवी फुटली. परवा तो आमच्या कॉलेजच्या ग्रुपवरही आला. पाठवणारा न्यू जर्सीत, माना डोलावणारे पुण्यात. आशय असा: डेमोक्रॅटिक पक्षाचा घात रिपब्लिकनांनी केला नाही, त्याच्याच मध्यममार्गी सेनेटरांनी केला. डेमोक्रॅटिक सेनेटर जो मॅन्चिन याने राष्ट्राध्यक्ष बायडनचा कार्यक्रम बुडवला. त्याच्या जागी खणखणीत डावा माणूस असता तर सगळं मंजूर झालं असतं. ओबामांच्या आरोग्य कायद्याचा जीवही अशाच लोकांनी काढला. रिपब्लिकन पक्ष असले कुंपणावरचे लोक ठेवत नाही, म्हणून तो जिंकतो. आणि हे सगळे विकले गेलेले आहेत. खाली ठळक अक्षरांत समारोप: कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ.

आधी ‘बुडवला’ या शब्दाकडे बघू, कारण बाकीचा डोलारा त्याच्यावर उभा आहे.

२०२१ च्या जानेवारीत जॉर्जियातल्या दोन्ही जागा डेमोक्रॅट्सनी जिंकल्या आणि सेनेट, म्हणजे संसदेचं शंभर जणांचं वरचं सभागृह, ५०-५० झालं. बरोबरी फोडायचं मत उपराष्ट्राध्यक्ष कमला हॅरिस यांचं. मार्चमध्ये १.९ लाख कोटी डॉलरचा कोविड मदत कायदा सेनेटमध्ये ५० विरुद्ध ४९ मतांनी मंजूर झाला. रिपब्लिकनांचं एकही मत त्यात नव्हतं. त्याआधी मॅन्चिनने बेकारभत्त्यावरून सगळ्यांना तासन्‌तास ताटकळत ठेवलं, आठवड्याचा जादा भत्ता ४०० ऐवजी ३०० डॉलरवर आणला आणि मग ‘हो’ म्हटलं. ऑगस्ट २०२२ मध्ये इन्फ्लेशन रिडक्शन अ‍ॅक्ट आला. औषधांच्या किमतींवर मेडिकेअरला (ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याला) घासाघीस करायची मुभा, मेडिकेअरमधल्या ज्येष्ठांना महिन्याला ३५ डॉलरच्या आत इन्सुलिन, बड्या कंपन्यांवर किमान १५ टक्के कर, ऊर्जा आणि हवामानासाठी सुमारे ३७ हजार कोटी डॉलर. मतदान हॅरिस यांचं मत धरून ५१ विरुद्ध ५०. मॅन्चिनने ‘नाही’ म्हटलं असतं तर दोन्ही कायदे पडले असते.

या दोन्हींच्या मधल्या काळात पायाभूत सुविधांचा कायदा झाला, सुमारे ५५ हजार कोटी डॉलरच्या नव्या खर्चाचा. दोन्ही पक्षांतल्या मधल्या फळीने वाटाघाटी करून तो घडवला आणि सेनेटमध्ये त्याला ६९ मतं पडली. प्रतिनिधिगृहात, म्हणजे खालच्या सभागृहात, त्याच्या विरोधात सहा डेमोक्रॅट गेले. ते सहाही पक्षाच्या डाव्या टोकाचे होते, मध्यममार्गी नव्हते. त्यांची कारणं त्यांच्यापुरती प्रामाणिक होती (मोठं सामाजिक विधेयक मागे पडेल ही भीती, आणि ती खरी ठरली). पण पक्षाच्या कार्यक्रमाविरुद्ध मत दिलं तो गद्दार, हीच व्याख्या धरायची असेल तर यादी मजकुरातल्यापेक्षा वेगळी होते.

मग बुडालं काय? बिल्ड बॅक बेटर, म्हणजे बायडनचं तेच मोठं सामाजिक विधेयक. साडेतीन लाख कोटी डॉलरची ती योजना, आणि इथे मजकुराच्या बाजूने बोलायला जागा आहे. १९ डिसेंबर २०२१ ला मॅन्चिनने फॉक्स न्यूज या वाहिनीवर जाहीर केलं की आपल्याला हे जमणार नाही. त्याने मुलांसाठीची वाढीव करसवलत पुढे चालू ठेवायला विरोध केला. पालकांना कामाची अट हवी, हा त्याचा हट्ट. महिन्याच्या अखेरीस ती सवलत संपली. सरकारी मदत आणि करसवलतीही उत्पन्नात धरणाऱ्या पूरक मोजणीनुसार अमेरिकेतली बालदारिद्र्याची टक्केवारी २०२१ मध्ये ५.२ होती, पुढच्या वर्षी ती १२.४ झाली. कोविडची इतर मदतही तेव्हा आटली होती, तरी या उडीतला मोठा वाटा त्या सवलतीचाच. वीज कंपन्यांना स्वच्छ विजेकडे वळवणारी योजनाही त्याच्याच आक्षेपामुळे वगळली गेली. हा हिशेब मॅन्चिनच्या नावावरच लिहायचा, त्यात दुमत नाही.

पण मजकुरात न आलेली एक गोष्ट सांगतो. २८ जुलै २०२१ ला मॅन्चिनने आपल्या अटी एका कागदावर लिहून बहुमताचे नेते चक शूमर यांना दिल्या होत्या: दीड लाख कोटी, त्यापुढे एक डॉलर नाही. खाली त्याची सही, आणि शूमर यांचीही. हा कागद सप्टेंबरअखेरीस बाहेर फुटला. मधले दोन महिने पक्ष लोकांना साडेतीन लाख कोटींची स्वप्नं दाखवत होता. दुकानदाराने भाव लेखी दिला असताना गिऱ्हाईक निम्म्याहून कमी पैसे घेऊन गेलं आणि परत येऊन दुकानदाराला चोर म्हणालं, तर चूक कुणाची? निदान अर्धी तरी गिऱ्हाइकाची.

आता मजकुराचा खरा गाभा: ‘त्याच्या जागी डावा असता तर’.

‘त्याची जागा’ म्हणजे वेस्ट व्हर्जिनिया. कोळशाच्या खाणींचं राज्य. २०२० मध्ये तिथे ट्रम्पला जवळजवळ ६९ टक्के मतं मिळाली, बायडनला ३० च्या आत. अशा राज्यात मॅन्चिन २०१८ मध्ये तीन-साडेतीन टक्क्यांच्या फरकाने कसाबसा निवडून आला होता. त्याच वर्षी पक्षांतर्गत निवडणुकीत त्याच्यासमोर पॉला जीन स्वेअरेंजिन ही पुरोगामी उमेदवार होती. ती हरली. पण दोन वर्षांनी तिला हवी ती संधी मिळाली: राज्यातल्या दुसऱ्या सेनेट जागेसाठी डेमोक्रॅटिक उमेदवारी. रिपब्लिकन शेली मूर कॅपिटोला ७० टक्के, स्वेअरेंजिनला २७. म्हणजे मजकुराचा ‘असता तर’ हा प्रयोग प्रत्यक्षात करून झालेला आहे. त्याच राज्यात, त्याच काळात.

एका राज्यावरून सिद्धांत मांडू नका, असं कुणी म्हणेल. ठीक. राज्यशास्त्रज्ञ अँड्र्यू हॉल यांनी २०१५ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या तीस वर्षांतल्या निवडणुका तपासल्या. पक्षांतर्गत लढतीत दोघांपैकी जास्त टोकाचा उमेदवार अगदी थोडक्यात जिंकला, तर मुख्य निवडणुकीत पक्षाची मतं सरासरी ९ ते १३ टक्क्यांनी खाली येतात, असं त्यांना आढळलं.

आणि जागा म्हणजे केवळ एक मत नव्हे. २०१८ मध्ये मॅन्चिन पडला असता, तर २०२१ मध्ये सेनेट ५१-४९ ने रिपब्लिकनांचं असतं, आणि कुठलं विधेयक पटलावर यायचं, कुठल्या न्यायाधीशाची सुनावणी घ्यायची, हे सेनेटमधले रिपब्लिकन नेते मिच मॅकॉनेल याने ठरवलं असतं. मॅकॉनेल काय करतो हे माहीत नसेल तर २०१६ आठवा. ओबामांनी मार्चमध्ये मेरिक गार्लंड यांचं नाव सर्वोच्च न्यायालयासाठी पाठवलं आणि ते वर्ष संपेपर्यंत सुनावणीविना पडून राहिलं. बायडनच्या चार वर्षांत २३५ संघीय न्यायाधीश नेमले गेले. मॅन्चिनने एखाददुसऱ्या नेमणुकीत खोडा घातला, नाही असं नाही. पण त्या यादीतली बहुतेक नावं मतदानापर्यंत पोचली ती बहुमत होतं म्हणून.

दगडापेक्षा वीट मऊ, एवढंच हे आहे. वेस्ट व्हर्जिनियात पर्याय दगड आणि वीट असे दोनच होते. मजकूर लिहिणारा तिथे लोणी मागतो आहे.

मजकूरवाल्यांनी खरं तर दुसरं नाव पुढे करायला हवं होतं. कर्स्टन सिनेमा (हो, आडनाव तेच आहे, विनोद नकोत). ॲरिझोना हे काही वेस्ट व्हर्जिनिया नव्हे. बायडनने ते सुमारे साडेदहा हजार मतांनी का होईना, जिंकलं होतं. सिनेमाने कंपन्यांवरच्या कराचा दर वाढू दिला नाही आणि २०२२ च्या कायद्यातून गुंतवणूक फंडवाल्यांच्या करसवलतीला हात लावणारं कलमही काढायला लावलं. मतदानहक्काच्या कायद्यासाठी फिलिबस्टरचा नियम (विधेयक अडवून धरायची मुभा, जी मोडायला शंभरात ६० मतं लागतात) बदलायचा प्रस्ताव जानेवारी २०२२ मध्ये आला, तेव्हा तिने आणि मॅन्चिनने पक्षाविरुद्ध मत दिलं. त्याच ॲरिझोनाचा दुसरा डेमोक्रॅट सेनेटर मार्क केली याने प्रस्तावाच्या बाजूने मत दिलं आणि नोव्हेंबरमध्ये तो आरामात निवडून आला. सिनेमा पुढे पक्ष सोडून अपक्ष झाली आणि २०२४ मध्ये उभीच राहिली नाही. तिच्या जागी तिच्याहून डावीकडचा रूबेन गायेगो जिंकला, तेही ट्रम्पने ते राज्य जिंकलेलं असताना. इथे मी वाद घालत नाही. सिनेमाच्या खुर्चीवर बसायला दुसरा डेमोक्रॅट मिळत होता, मॅन्चिनच्या खुर्चीवर मिळत नव्हता. ‘मध्यममार्गी’ या एका टोपलीत दोघांना कोंबलं की नेमका हा फरक हरवतो.

हीच कसोटी ओबामांच्या आरोग्य कायद्याला लावा. २४ डिसेंबर २००९, सकाळची वेळ, सेनेटमध्ये ६० विरुद्ध ३९. फिलिबस्टर मोडायला बरोबर ६० लागतात, म्हणजे प्रत्येक जण ‘साठावा’. त्यातला सरकारी विमा योजनेचा पर्याय गेला तो सेनेटर जो लीबरमन याच्या अडवणुकीमुळे. लीबरमन कनेक्टिकटचा, जे ओबामांनी वीसेक टक्क्यांनी जिंकलेलं राज्य. तेव्हा त्याच्यावरचा राग रास्त. पण पक्षाने त्याला हटवायचा प्रयत्न २००६ मध्येच केला होता. तो पक्षांतर्गत निवडणूक हरला, अपक्ष उभा राहिला आणि जिंकून परत आला. तिकीट पक्षाचं असतं, मतदार पक्षाच्या मालकीचे नसतात. नेब्रास्काच्या बेन नेल्सनने आपल्या राज्यासाठी इतकी उघड सवलत मागून घेतली की शेवटी ती लाजेकाजेस्तव काढावी लागली. पण तो २०१२ मध्ये निवृत्त झाला आणि ती जागा रिपब्लिकन डेब फिशरकडे गेली. आर्कान्सॉची ब्लांश लिंकन २०१० मध्ये डाव्या आव्हानवीराला पुरून उरली आणि नोव्हेंबरमध्ये वीसेक टक्क्यांनी आपटली. तिने कायद्याला मत दिलं होतं, जागा गेली, कायदा मात्र टिकला. याला ‘जीव काढणं’ म्हणायचं असेल तर म्हणा. मला तरी ते पक्षासाठी जागा खर्ची घालणं वाटतं.

मध्यममार्ग म्हणजे विम्याची पॉलिसीही नाही, हेही कबूल. माँटानाचा जॉन टेस्टर २०२४ मध्ये पडलाच. फरक एवढाच की तो सात टक्क्यांनी पडला आणि त्याच दिवशी त्याच राज्यात कमला हॅरिस वीस टक्क्यांनी पडल्या.

रिपब्लिकन असले लोक ठेवत नाहीत, हा मुद्दा तर फारच गमतीचा आहे. मेन राज्याची रिपब्लिकन सेनेटर सुझन कॉलिन्स गेली अनेक वर्षं कोण आहे? २०१७ मध्ये ओबामांचा आरोग्य कायदा मोडायच्या प्रस्तावावर कॉलिन्स, मर्कावस्की आणि मकेन या तीन रिपब्लिकनांनी ‘नाही’ म्हटलं आणि तो ४९-५१ ने पडला. ट्रम्प चिडला. पण वर्ष संपायच्या आत त्याच कॉलिन्सने त्याच्या करकपातीच्या कायद्याला मत दिलं आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयासाठीच्या त्याच्या उमेदवाराला, कॅव्हनॉलाही, तेही ५०-४८ च्या मतदानात. २०२० मध्ये त्याच न्यायालयासाठीच्या एमी बॅरेटच्या वेळी तिने विरोधात मत दिलं; तेव्हा तिची निवडणूक तोंडावर होती आणि मॅकॉनेलकडे मतं पुरेशी होती. आठवड्याभरात बायडनने मेन नऊ टक्क्यांनी जिंकलं आणि कॉलिन्सही जवळपास तेवढ्याच फरकाने जिंकली.

रिपब्लिकनांनी मजकुराचा सल्ला जिथे खरोखर पाळला तिथे काय झालं? २०१० मध्ये डेलावेअरमध्ये माइक कॅसल या मवाळ, लोकप्रिय नेत्याला पक्षांतर्गत निवडणुकीत पाडून क्रिस्टीन ओडॉनेलला उभं केलं. ती पडली, ख्रिस कून्स हा डेमोक्रॅट त्या जागेवर आजही आहे. २०१२ मध्ये इंडियानात सहा वेळचा सेनेटर रिचर्ड लुगार याला असंच घरी बसवलं आणि जागा डेमोक्रॅट जो डॉनेलीला देऊन टाकली.

राहिला ‘विकले गेले’ हा आरोप. मॅन्चिनच्या कुटुंबाचा कोळशाचा धंदा होता आणि त्याला त्यातून उत्पन्न मिळे; ते त्याच्याच विवरणपत्रांत आहे आणि त्यावर बोट ठेवणाऱ्यांचं चुकत नाही. पण मला वाटतं हा शब्द आपण आपल्याकडच्या अनुभवातून उचलतो. आपल्याकडे १९८५ पासून पक्षांतरबंदी कायदा आहे. व्हिप झुगारला तर सदस्यत्वावर गदा, म्हणून माणूस एकटा फुटत नाही. फुटला तर २०२२ सारखा चाळीस जणांना घेऊन, आणि मग पाठोपाठ खोक्यांच्या घोषणा. अमेरिकेत ‘नाही’ म्हणूनही सेनेटर पक्षातच राहतो, समितीचं अध्यक्षपदही सांभाळतो. तिथला व्हिप फार तर फोन करतो. त्यामुळे तिथल्या प्रत्येक ‘नाही’मागे आपल्याला दिसतो तसा व्यवहार असेलच असं नाही, कधी कधी मागे ट्रम्पला ६९ टक्के मतं देणारं राज्य असतं.

मॅन्चिनने २०२४ ची निवडणूक लढवली नाही आणि त्याच वर्षी तो अपक्ष झाला. त्याच्या खुर्चीवर रिपब्लिकन जिम जस्टिस आला, ६८ टक्क्यांहून जास्त मतं घेऊन. डेमोक्रॅटिक उमेदवाराला २८ देखील पुरती मिळाली नाहीत. १ जुलै २०२५ ला ट्रम्पचा मोठा कर आणि खर्च कायदा सेनेटमध्ये आला, ज्यात २०२२ च्या कायद्यातल्या स्वच्छ ऊर्जेच्या बऱ्याच सवलतींना कात्री होती. तीन रिपब्लिकनांनी विरोधात मत दिलं. त्यातली एक अर्थातच कॉलिन्स. मतं ५०-५० झाली आणि बरोबरी उपराष्ट्राध्यक्ष जे. डी. व्हान्सने फोडली. त्या पन्नासात एक मत जिम जस्टिसचं होतं.