“मशीन खोटं माप दाखवतं” या अभिप्रायाला दातांच्या एक्स-रे सेंटरच्या मालकाचं उत्तर

नमस्कार ताई,

काकांना चाळीस मिनिटं बाकावर ताटकळावं लागलं, त्याबद्दल माफी मागतो. लाइट गेली होती, पण ते आमचं रडगाणं.

मात्र “जबड्याचं 14 मिमी हाड सांगून फसवलं, दुसरीकडे सीबीसीटीत (जबड्याच्या त्रिमितीय स्कॅनमध्ये) 11 निघालं” हे वाचून रात्री घास उतरला नाही. ताई, 14 हा आकडा आमच्या रिपोर्टात कुठंच नाही. काउंटरवर फिल्म ट्यूबलाइटकडे धरून तुम्हीच पट्टी लावलीत, लेकीच्या कंपासपेटीतली निळी. मी समोरच उभा होतो. ओपीजीत, म्हणजे आम्ही काढलेल्या अख्ख्या जबड्याच्या सपाट एक्स-रेत, चित्र मुळातच मोठं येतं, साधारण 20 ते 30 टक्के. 11 ची सव्वापट करून बघा, पावणेचौदा होतात. म्हणजे दोन्ही सेंटरनी एकच हाड दाखवलं! म्हणूनच इम्प्लांटसाठी, म्हणजे हाडात स्क्रू बसवून कृत्रिम दात लावण्यासाठी, डॉक्टर सीबीसीटी करवतात, नाहीतर दाताच्या जागी 5 मिमीची स्टीलची गोळी ठेवून ओपीजी काढायला सांगतात. गोळी सव्वासहा दिसली की बाकीचा हिशेब त्या प्रमाणात.

आडव्या मापाचा तर भरवसाच धरू नये. मान जराशी वळली की एका बाजूच्या दाढा रुंद दिसतात, दुसऱ्या अरुंद. “दोनदा रेडिएशन दिलं” असं लिहिलंत, ते यामुळेच. हनुवटी टेकवून, ब्लॉक दातांत धरून काका छान उभे होते. मशीन फिरायला लागलं आणि दाराबाहेर तुमचा फोन वाजला. “कोणाचा गं?” म्हणून त्यांनी मान वळवली. दुसऱ्या एक्स-रेचा एक रुपया घेतला नाही, तेवढं मात्र लिहायचं राहिलं.

आमचं चुकलं ते असं, की चित्र मोठं येतं हे काउंटरवरच्या मुलीनं सांगायला हवं होतं. फिल्मच्या कोपऱ्यातलं बारीक इंग्रजी कोण वाचतो? मराठी-गुजरातीत शिक्का करून घ्यायचं चाललंय. बाकावरच्या पंख्याचंही बघतो.

दांडिया बाजारात एकोणीस वर्षं बसलोय, “फसवलं” हा शब्द पहिल्यांदा ऐकला. फिल्म आणि सीबीसीटीची सीडी घेऊन या, शेजारी शेजारी ठेवून दाखवतो. चहा आमच्याकडे. फक्त सोमवारी नको, मशीनच्या सर्व्हिसिंगला माणूस येतोय. दरवर्षी येतो, तुमच्या अभिप्रायामुळे नव्हे.