डोकी मोजायची खोड

मल्टिप्लेक्समध्ये दिवे मालवायच्या आत डोकी मोजायची, ही माझी जुनी खोड. परवा नऊ भरली. त्यातली पाच आमच्याच घरची. एक पोरगा तर नुसता गारव्याला येऊन झोपला होता.

सप्टेंबर 2025 मध्ये आमच्या कर्नाटक सरकारनं सिनेमाच्या तिकिटाला 200 रुपयांची वेसण घातली, कर वेगळा. आम्ही लगेच बेत आखायला बसलो. अकरा दिवसांत हायकोर्टाची स्थगिती आली. आमच्या घरात कुठला सिनेमा बघायचा हे ठरायलाच बारा दिवस लागतात!

मध्यंतरात बायकोला जीएसटी समजावत होतो. तिकीट 100 च्या आत असलं तर 5 टक्के, वर गेलं की 18. तिचं लक्ष पॉपकॉर्नच्या बादलीत.

"अहो, एवढ्यात अर्धा किलो कुंदा आला असता की."

मी गप्प बसलो.

बेळगावात आनंदवाडीच्या आखाड्यात कुस्त्यांना गेलो, तिथं डोकी मोजायचा नादच सोडला. माणूस माणसाला चिकटलेला. तिकीट सिनेमापेक्षा कमी, पण पुढं एक आजोबा फेटा बांधून बसलेले. हलगी तापली, लोक उठले, आरडाओरडा झाला, फेटा आनंदानं डोलला. कुस्ती निकाली झाली म्हणतात.

शेवटी ठरवलं, फुकटचं बघायचं. सासुरवाडी खानापूर तालुक्यातली, जत्रेचं नाटक. आधी मटणाचं जेवण, मग पोत्यावर बैठक. दहाचं नाटक साडेबारापर्यंत सत्कारातच अडकलं. शाल, नारळ, शाल, नारळ. एक नारळ गडगडत माझ्या पायाशी आला, तो मी परत दिला. पोरं केव्हाच आडवी झाली होती.

पहिला प्रवेश रंगात आला आणि माईक खरखरला. "बेळगावचे पाहुणे, आमच्या गावचे जावई, यांच्याकडून नाटकाला 501 रुपये!"

मी मेव्हण्याकडं बघितलं. तो टाळ्या वाजवत होता.

"दाजी, मीच सांगितलं. गावात मान राहतो."

पाकिटात 300 होते. उरलेले बायकोनं दिले, तेही सासूबाईंकडून घेऊन. राजाचा मुजरा झाला, प्रधान आत गेला, पुन्हा खरखर. "पाहुणे खूश झालेत! आणखी 501!"

मी डोळे मिटून घोरायला लागलो. मेव्हण्यानं गदागदा हलवलं. नाइलाजानं उठलो, सवयीनं मागं वळून डोकी मोजायला गेलो, तर सगळी डोकी माझ्याकडंच बघत होती.