कोथिंबीर ‘एकदाच लावून’ वर्षभर मिळत नाही

थंडीची चाहूल लागली की पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरायला लागतो: ‘एकदाच लावा, वर्षभर खा.’ मसाल्याच्या डब्यातले धणे, जिरं, ओवा बाल्कनीत पेरा, आठवड्यात कोथिंबीर हजर, मंडईची पायरी चढायलाच नको. सोबत युक्त्याही असतात. धणे उकळत्या पाण्यात भिजवा, रोपं दाट झाली की उपटून दुसऱ्या कुंडीत लावा, फुलं दिसताच खुडा म्हणजे पाला परत येईल, शेपू आणि बडीशेप शेजारी लावू नका. काही बाबतीत मेसेज बरोबर आहे, पण नेमका त्याचा मथळाच चुकलाय.

कोथिंबीर, शेपू, जिरं, ओवा ही सगळी एका हंगामाची झाडं. (बडीशेप त्यातल्या त्यात दम धरते.) उगवायचं, पाला धरायचा, फुलायचं, बी टाकून वाळून जायचं, एवढाच त्यांचा कार्यक्रम. आपल्याला हवा तो पाला म्हणजे त्यातला मधला टप्पा. ऊन तापलं आणि दिवस लांबला की झाड तो आटोपतं घेतं. पुण्यात डिसेंबरातला दिवस जेमतेम 11 तासांचा, जूनमधला सव्वातेरा तासांचा. एप्रिलमध्ये पारा 38 अंशांच्या आसपास. म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरलेली कोथिंबीर 40-45 दिवसांत छान जुडी देते, वरून कापली तर आणखी एखादी कापणी मिळते. मार्चअखेर पेरलेली वीतभर होते न होते तोच मधून फुलांचा दांडा काढते. खत घाला, पाणी घाला, तो दांडा मागे फिरत नाही.

वर्षभर हवीच असेल तर वर्षभर पेरायची. दर पंधरा दिवसांनी एक ट्रे, मूठभर धणे. उन्हाळ्यात शेडनेटखाली किंवा फक्त सकाळचं ऊन येतं तिथे, पावसाळ्यात पत्र्याच्या आडोशाला, नाहीतर मुळं कुजतात. एवढं करूनही मेमधली कोथिंबीर डिसेंबरातल्या कोथिंबिरीची सर गाठत नाही, हे आधीच कबूल करून टाकावं.

आठवड्यात कोथिंबीर? आठवड्यात धणा जेमतेम फुटतो. हवा गार असेल तर कोंब दिसायला 8 ते 12 दिवस लागतात. उकळतं पाणी तर सरळ बी शिजवतं. खरी युक्ती जुनी आहे आणि शेतकरी ती रोज वापरतात: धणे जमिनीवर पसरून चपलेने किंवा फळीने हलकेच रगडायचे. एक धणा नखाने फोडून पाहा. आत दोन वाटोळ्या फाका निघतात, एकमेकींना सपाट बाजूने चिकटलेल्या, आणि प्रत्येकीत एक बी. फाका सुट्या झाल्या की एका धण्याची दोन रोपं, आणि पाणीही आत लवकर शिरतं. मग रात्रभर साध्या पाण्यात भिजवायचे. वाण्याकडचे धणे चालतात, फक्त जुने नकोत. धणाडाळ पेरणारेही भेटतात; ती सोललेली आणि भाजलेली असते, तिच्यातून काय उगवणार? उलट बियाण्याच्या दुकानातलं रंगीत बी औषध लावलेलं असतं, ते उरलं म्हणून डब्यात ओतू नका.

दाट रोपं उपटून लावण्याबद्दल थोडक्यात: कोथिंबिरीच्या कुळातल्या या झाडांना गाजरासारखं खाली सरळ जाणारं सोटमूळ असतं. ते दुखावलं की रोप मान टाकतं किंवा घाईने फुलायला लागतं. दाट झालेली उपटून भाजीत घाला, उरलेली जागेवर वाढू द्या.

आता फुलं. खुडून पाला परत येत नाही. दांडा उठल्यावर नवी पानं शेपूसारखी बारीक, चरबरीत येतात, आणि तुरे खुडत बसलात तर पालाही नाही आणि धणेही नाहीत. राहू द्या ती. कोथिंबिरीच्या फुलोऱ्याकडे जवळून पाहिलं तर कडेच्या फुलांच्या बाहेरच्या पाकळ्या मोठ्या आणि आतल्या इवल्याशा दिसतात, त्यामुळे अख्खा झुपका एकच फूल वाटतो. त्यावर घोंघावणाऱ्या बारीक पट्टेरी माश्या डंख करत नाहीत, आणि त्यांच्या अळ्या मावा ही कीड खातात. शेजारच्या गुलाबाला याहून स्वस्त फवारणी मिळणार नाही. पुढे हिरवे धणे धरतात. ते ठेचून आमटीत घालून पाहा, मग फुलं खुडायचा सल्ला कुणी देणार नाही.

शेपू आणि बडीशेप दूर ठेवायचा सल्ला जगभर फिरतो. दोन्हींचा संकर होतो म्हणे. दोघी वेगळ्या प्रजातींच्याच नव्हे, वेगळ्या वंशांच्या. आणि समजा झाला, तरी परिणाम दिसेल तो पुढच्या पिढीच्या बियांतून. आज कुंडीतल्या शेपूची चव त्याने बदलत नाही. ‘शेपूवर पट्टेरी अळ्या येतील, त्यांची फुलपाखरं होतील’ हे वाक्यही परदेशातून उचललेलं. ते फुलपाखरू आपल्याकडे हिमालयात सापडतं. पुण्यातल्या बाल्कनीत अळ्या खातात तो तुमचा कढीपत्ता आणि लिंबू.

जिऱ्याला कोरडी थंडी आणि जवळपास चार महिने लागतात, ढगाळ हवेत ते करपतं. गुजरात-राजस्थानातही हेक्टरी साधारण पाच-सहा क्विंटल पिकतं, म्हणजे चौरस मीटरला 50-60 ग्रॅम. बाल्कनीचे दोन चौरस मीटर चार महिने अडवून फोडणीचं एक पाकीट मिळेल. हौस म्हणून पेरा, बचत म्हणून नको.

आणि मेसेजसोबतच्या फोटोत जाड, लवदार पानांचं जे झाड ‘ओवा’ म्हणून दाखवलंय, तो पानओवा. तो तुळशीच्या कुळातला, फांदी खोचली की लागतो, वर्षानुवर्षं टिकतो, त्याची भजी उत्तम होतात. वास सारखा येतो कारण दोन्हींत थायमॉल हे वासाचं द्रव्य असतं. डब्यातला ओवा मात्र बारीक पानांच्या, पांढऱ्या तुऱ्यांच्या वेगळ्याच झाडाला लागतो, आणि तोही दर हंगामाला नव्याने पेरावा लागतो.