ओल्या कागदाचे बेचाळीस रुपये

शनिवारी क्रेडिट कार्डाचं स्टेटमेंट आलं आणि खपली निघाली. नाहीतर मी विसरत आलो होतो.

प्रकरण एवढंच. सुट्टीत सहकुटुंब सिंगापूरला गेलो आणि पोरांच्या हट्टापायी एका रात्री जरा बऱ्यापैकी चिनी हॉटेलात बसलो. बूड टेकतं न टेकतं तोच एका बाईने हसतमुखाने शेंगदाण्यांची बशी मांडली आणि चौघांपुढे एकेक पाकीटबंद ओला टिश्यू ठेवला. काय हे अगत्य, असं मी बायकोला म्हणालोसुद्धा. तासाभराने बिल आलं. जेवण 75 डॉलर. शेंगदाणे 3 डॉलर. ओले टिश्यू, नग चार, 2 डॉलर. बेरीज 80. त्यावर दहा टक्के सर्व्हिस चार्ज, 8. झाले 88. त्या 88 वर नऊ टक्के जीएसटी, 7.92. एकूण 95.92.

सिंगापूरचा डॉलर सत्तर रुपये धरा. म्हणजे हात पुसायचा एक कागद, सेवा आणि कर मिळून, बेचाळीस रुपयांना पडला. धाकट्याने तर त्याने चष्मा पुसला. शेंगदाण्यांचे अडीचशे झाले. तेवढ्यात आमच्या नागपूरच्या इतवारी बाजारात दीडेक किलो दाणे येतात, आणि दुकानदार चाखायला मूठभर देतो ते वेगळे.

त्या बाईला विचारलं, तर तिने मेनूकार्डाच्या तळाशी बोट ठेवलं. भिंग लागेल अशा अक्षरांत तिथे लिहिलं होतं, सर्व दर ‘++’. नुसती दोन अधिक चिन्हं. एक सर्व्हिस चार्जचं, एक जीएसटीचं. आणि शेंगदाणे, टिश्यू? ते नको असतील तर आल्याआल्या परत करायचे असतात म्हणे. आता वाढलेलं परत पाठवायची सवय नागपूरच्या माणसाला कुठून असणार? आमच्याकडे नको म्हटलं की दुप्पट वाढतात.

हे सगळं मी रविवारी सकाळी चौकातल्या टपरीवर, तर्री पोहे खाता खाता, मित्राला सांगत होतो. मित्रालाच. पण बाजूच्या बाकावर विक्रीकर काका बसले होते.

काका विक्रीकर खात्यातून निवृत्त झालेत. अख्खी कॉलनी त्यांना विक्रीकर काका म्हणते आणि त्यांना ते आवडतं. सदऱ्याच्या खिशाला अजून लाल रिफिलचं पेन असतं. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला तेव्हा सुतक असल्यासारखे ते दहा दिवस घराबाहेर पडले नव्हते, असं त्यांच्या सूनबाई सांगतात. त्यांच्या वयाचे लोक सकाळी पोथी वाचतात, काका परदेशांचे करकायदे वाचतात. विक्रीकर हा शब्द कानावर पडला की त्यांचं 1938 सुरू होतं. त्या साली मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या सरकारने पेट्रोल आणि वंगणाच्या विक्रीवर कर बसवला. राजधानी कोणती? नागपूर. केंद्र सरकारने हरकत घेतली, प्रकरण फेडरल कोर्टात गेलं आणि आपला प्रांत जिंकला. “मद्रासवाल्यांचा विक्रीकर 1939 चा. एक वर्ष मागे!” हे सांगताना काकांचा चेहरा असा खुलतो, की नात बोर्डात पहिली आली असती तरी इतका खुलला नसता. वर छिंदवाडा रोडवर प्रत्यक्ष करांची राष्ट्रीय अकादमी आहेच. देशभरचे आयकर अधिकारी तिथेच शिकून बाहेर पडतात. आपण उगाच संत्री संत्री करत बसतो.

“बिल दाखव बरं,” काका म्हणाले.

मी मोबाईलवरचा फोटो पुढे केला. काकांनी चष्मा कपाळावर चढवला, मोबाईल नाकापाशी नेला आणि फोटो मोठा करायला दोन बोटं लावली. बोटांना तर्री होती. नेमका सर्व्हिस चार्जच्या ओळीवर लाल तेलाचा ठसा उमटला. काकांनी तो अंगठ्याने पुसायला घेतला, तसा तो थेट जीएसटीपर्यंत पसरला. त्या क्षणी मला खरोखर एका ओल्या टिश्यूची गरज होती.

“अरे वा,” काका म्हणाले. मला वाटलं, आता हॉटेलवाल्याची खैर नाही. पण काकांचा आवाज हळवा झाला होता. “काय बसवला आहे रे! पाहून राहिलास का? आधी दहा, मग नऊ. अनाडी माणूस म्हणेल एकोणीस. एकोणीस नाही होत, एकोणीस पूर्णांक नऊ होते. हा जो वरचा पॉइंट नऊ आहे नं, ती सगळी मजा आहे.”

“काका, मजा त्यांची. पैसे माझे गेले.”

“तुझे जाणारच होते. तू भावना बाजूला ठेव. सर्व्हिस चार्ज हा टॅक्स नाही, तो हॉटेलवाल्याचा. पण त्यानं सेवा विकली का नाही तुला? विकली. मग विकल्यावर टॅक्स लागणारच. चोख आहे बिल.” आणि खिशातलं लाल पेन काढून त्यांनी, माझ्या मोबाईलवर खूण करता येत नाही म्हणून, पोह्यांच्या कागदाच्या कोपऱ्यावर बरोबरची खूण केली.

मी म्हटलं, शंभरची वस्तू जर 119.90 ला विकायची आहे, तर मेनूवर 119.90 लिहायला काय होतं? यावर काकांनी पोहेवाल्याकडे पाहून ‘अजून तर्री’ अशी खूण केली. म्हणजे व्याख्यान लांबणार. तर सिंगापुरात म्हणे दुकानदाराने जीएसटी धरूनच किंमत लावायची, असा नियम आहे. चप्पल घ्या, पंखा घ्या, पाटीवरची किंमत ती किंमत. सूट फक्त हॉटेल-रेस्टॉरंटवाल्यांना, आणि त्यातही जे सर्व्हिस चार्ज घेतात त्यांनाच. काहून? तर बसून खाल्लं की सर्व्हिस चार्ज लागतो, पार्सल नेलं की नाही. मग एकाच नूडल्सच्या दोन किमती छापाव्या लागतील, बिचाऱ्यांची अडचण होईल. म्हणून सरकारने सांगितलं, तुम्ही तळाशी तसं लिहा म्हणजे झालं. अडचण बिचाऱ्यांची, आणि गुणाकार माझा. रात्री नऊ वाजता, दोन भुकेली पोरं समोर असताना, माणसाने आधी 1.1 ने आणि मग 1.09 ने गुणायचं.

“चांगी विमानतळावर जीएसटीचा परतावा मागितला का?” काकांनी विचारलं.

“जेवणावर मिळत नाही. खोलीच्या भाड्यावरही नाही.”

“बरोबर. परतावा मालावर. कमीत कमी शंभर डॉलरची खरेदी पाहिजे, आणि माल देशाबाहेर गेला पाहिजे.”

“गेला नं काका माल देशाबाहेर. मी स्वतः पोटात घालून आणला.”

मित्र हसला, पोहेवाला हसला. काका हसले नाहीत. ते विचारात पडले. चांगला मिनिटभर त्यांनी त्या मुद्द्याला न्याय दिला. मग मान हलवून म्हणाले, “टिकणार नाही. कस्टमवाल्यानं मागितला तर माल दाखवता आला पाहिजे.”

तोवर बाकीच्यांनाही कंठ फुटला होता. मुलगी न्यू जर्सीत असलेले एक गृहस्थ तिथल्या टिपेचं सांगू लागले: मशीनच समोर 18, 20, 22 टक्के असे पर्याय धरतं आणि वाढणारा मुलगा बाजूला उभा राहून आपण कुठे बोट ठेवतो ते पाहतो. दुबईवाले म्हणाले, आमच्या वेळी खोलीचे सगळे पैसे आधीच भरलेले, तरी काउंटरवर ‘टुरिझम दिरहम’ म्हणून दर रात्री दर खोलीला वेगळे घेतले. हॉटेलच्या दर्जाप्रमाणे सातपासून वीसपर्यंत. युरोपची ग्रुप टूर करून आलेल्या वहिनींचं दुःख आणखी जुनं निघालं. इटलीत टूर मॅनेजरने सिटी टॅक्सचे युरो बसमध्ये फिरून रोख गोळा केले होते, माणशी, रात्रीच्या हिशोबाने. आणि हॉटेलात ‘कोपेर्तो’ म्हणून नुसतं टेबलावर बसण्याचे माणशी पैसे. त्यात पाव येतो. वहिनींनी पाव खाल्ला नव्हता, तरी लागले. काका प्रत्येकाचं ऐकून समाधानाने मान डोलावत होते.

एक मात्र सांगतो. याच सिंगापुरात हॉकर सेंटरला, म्हणजे एका छपराखालच्या खाण्याच्या ठेल्यांवर, आम्ही रोज जेवलो. पाटीवर पाच डॉलर लिहिलं की पाचच. सर्व्हिस चार्ज नाही, आणि वर्षाला दहा लाख डॉलरच्या खाली उलाढाल असलेल्याला जीएसटीची नोंदणी सक्तीची नाही, त्यामुळे बहुतेक ठेल्यांवर तोही नाही. जेवल्यावर ताट-वाट्या स्वतः उचलून ठेवायच्या. नाही ठेवल्या तर इशारा, आणि ऐकलंच नाही तर दंड. ठेवल्या आम्ही. पोरगं घरी स्वतःचं ताट उचलत नाही, तिथे माझंही उचलून ठेवलं त्याने. आणि तिथे टिश्यूला काय मान आहे! जागा धरायची असेल तर टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवून लोक खुशाल रांगेत जातात, कोणी त्या खुर्चीला हात लावत नाही. आपल्याकडे एसटीत रुमाल टाकून जागा धरली तर रुमालही जातो.

पण त्या मोठ्या हॉटेलातल्या दहा टक्क्यांनी मला अजून झोप लागत नाही. चहा आमचा आम्ही ओतून घेतला. मीठ दोनदा मागितलं, आलं नाही. तरी ती बाई एकटी सात टेबलं सांभाळत होती, तिच्याशी माझं भांडण नाही. ते आठ डॉलर तिच्या हातात पडले असते तर मी गप्प बसलो असतो. पण ते तिलाच द्यावेत अशी कायद्याची सक्ती नाही, मालकाची मर्जी. मग ती सेवा कोणी केली आणि पैसे कोणाला गेले? निदान इथे, आपल्या देशात, 2022 च्या जुलैत ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने सांगून टाकलं की सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावायचा नाही, आणि 2025 च्या मार्चमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. म्हणजे इथे मी ‘हा काढा’ असं बेधडक म्हणू शकतो. म्हणत नाही, कारण तोंड उघडण्याआधीच बायको टेबलाखालून पाय दाबते.

“स्टेटमेंट दाखव,” काका म्हणाले. काका हे विसरले असतील अशी माझी समजूत होती, ती खोटी निघाली.

दाखवलं. पैसे देताना मशीनने विचारलं होतं, रुपयांत कापू की डॉलरमध्ये. मी डॉलर दाबलं होतं, कारण रुपयांत दाबलं की मशीनवाला स्वतःचा महागडा दर लावतो. तेवढं मला ठाऊक होतं आणि त्याबद्दल काकांनी पाठ थोपटली, तर्रीच्या हाताने. पण बँकेने परकी चलनाचं आपलं साडेतीन टक्के मार्कअप, म्हणजे वरचं शुल्क, लावलंच होतं, 235 रुपये. आणि त्या मार्कअपवर 18 टक्के जीएसटी. हा आपला, भारत सरकारचा. 42 रुपये. आणखी एक ओला कागद.

काका उठून उभे राहिले. “एका जेवणावर दोन देशांचा जीएसटी! दोन सरकारं जेवून गेली रे तुझ्या ताटात!” त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्या दोघांना थांबवून माझा मोबाईल दाखवला. त्यातला एक पेपर टाकणारा मुलगा होता. मग मला म्हणाले, “याची झेरॉक्स दे मला एक. फायलीत लावतो.”

तेवढ्यात बायको भाजी घेऊन स्कूटीवरून आली. पिशवीतून सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी डोकावत होती, भाजीवालीने वरून फुकट घातलेली. तिने थांबल्या थांबल्या विचारलं, की काका, पुढच्या वर्षी भूतानला जावं म्हणतोय, जवळ आहे, व्हिसाही लागत नाही, कसं आहे?

काकांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. “भूतान? शाश्वत विकास शुल्क. दर डोई, दर रात्री. आपल्या लोकांना 1200 रुपये, बाकीच्यांना 100 डॉलर. सहा ते बारा वर्षांच्या पोराला अर्धं.” मग जरा घुटमळले. इतक्या वर्षांत मी काकांना असं लाजताना पाहिलं नव्हतं. “पावती कशी देतात ते पाहायचं होतं मला. मी येऊ का तुमच्यासंगं? माझे 1200 मी भरतो.”

बायकोने गाडी बंदसुद्धा केली नव्हती. “या की काका,” ती म्हणाली.