प्रेशरवाल्याला बोलावताय? मग एवढं कराच!

घरात लग्न निघालं, वास्तुशांत ठरली किंवा पुण्याचे व्याही येणार म्हणून पार्किंगची अचानक लाज वाटायला लागली, की आपल्याला जोराच्या पाण्याने फरशी-भिंती धुणारा प्रेशर मशीनवाला आठवतो. आठवलाच पाहिजे. पण त्याच्याकडून काम कसं काढून घ्यायचं, हे प्रत्येकाला जमत नाही. जुळे सोलापुरातल्या एका सोसायटीत मात्र या विषयातले मुरलेले लोक राहतात. गेल्याच आठवड्यात मी त्यांच्या तावडीतून सुटून आलोय. त्यांचं ज्ञान त्यांच्यापुरतंच राहू नये, म्हणून हा खटाटोप.

तर सुरुवात फोनपासून. काम किती आहे ते फोनवर अजिबात सांगायचं नाही. "थोडंसंच आहे ओ, या की" एवढंच म्हणायचं. त्याने चौरस फूट विचारले तर "आमचं काय मोठं नाही" म्हणून ठेवून द्यायचं. तो टेम्पोत मशीन, पाइप आणि दोन पोरं घालून दारात आला, की मग गच्ची, जिना, कंपाउंड, मागची पत्र्याची शेड एकेक करून दाखवायची. भाव ठरवताना कोपऱ्यावर रिक्षा धुवायला किती घेतात ते आवर्जून सांगा. "नुसतं पाणीच तर मारायचंय" हे दर पाच मिनिटांनी म्हणत राहा. पाणी तुमचं, लाईट तुमची, मग त्याचं जातंय काय? पंप घासतो, गनची ट्रिगर जाते, पाइप फुटतो, पोरांना रोजची मजुरी द्यावी लागते, या सगळ्या त्याच्या घरच्या गोष्टी. आपण कशाला त्यात पडा?

आता पाणी. बोलवायचं ते नळ सुटायच्या आदल्या दिवशीच. टाकीत बूड भिजेल एवढंच पाणी असतं, तो दिवस. सोलापूरकराला हे वेगळं समजावून सांगायला नको. उजनी धरण काठोकाठ असो की वजा टक्क्यात, म्हणजे मृतसाठ्यात, गेलेलं, आपला नळ आपल्या वाराला येतो आणि कधी कधी तो वारही चुकवतो. २०१६ साली स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत आपलं नाव आलं होतं. त्याचा आणि नळाचा काही संबंध नाही, उगाच जोडू नका.

मशीनवाला सांगेल की माझं मशीन मिनिटाला बारा लिटर ओढतं, हजाराची टाकी दीड तासही पुरत नाही, आधी टँकर सांगा. हसण्यावारी न्या. टाकी तळाला गेली की पंप पाण्याऐवजी हवा ओढायला लागतो, आवाज बदलतो, गन धाप लागल्यासारखी थांबून थांबून फेकते. तेव्हा गॅलरीतून "मशीन जुनं दिसतंय तुमचं" म्हणायला विसरू नका. आतले सील करपले तर करपू द्यात. त्याचेच आहेत. टँकर नकोच असेल तर बोर चालू करून द्या. बोरच्या पाण्यासोबत बारीक वाळू येते, ती पंपाच्या व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसते. त्या पाण्यातले क्षार काचेवर आणि ग्रॅनाईटवर वाळले की पांढरे ठिपके उमटतात. ते ठिपके कुणी पाडले? मशीनवाल्याने. बोरने कसे पडतील, बोर तर आपली आहे!

आणि काम चालू असताना मध्येच येऊन "किती पाणी नासताय ओ, लोकांना प्यायला नाही" हे सुनवाच. सुनवताना आपल्या स्कूटरवर साधा पाइप मोकळा सोडून आलेला असलात तरी हरकत नाही. त्या पाइपातून मिनिटाला मशीनपेक्षा जास्त पाणी जातं, पण त्याला आवाज नाही. आवाज नसला की पाणी नासत नाही.

लाईटसाठी दुसऱ्या मजल्यावरून मोबाइल चार्जरच्या जाडीची वायर सोडा. प्लग नको. दोन उघडी टोकं सॉकेटात घाला आणि वर काड्यापेटीच्या काड्या खुपसा. पोरं ओल्यात उभी राहून काम करणार आहेत हे तुम्हाला माहीत आहेच. त्याने अर्थिंग विचारलं तर आकाशाकडे बघा.

वेळ दुपारी बाराची द्या. मे महिना असेल तर फारच उत्तम.

त्याचं म्हणणं पहाटे पाचला सुरू करू असं असतं. कारण साबण मारून पाच-दहा मिनिटं भिजू द्यावा लागतो, तेव्हा घाण सुटते. आपल्याकडे त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशात तापलेल्या भिंतीवर साबण मारला तर तो भिजत नाही, तिथल्या तिथे वाळतो आणि त्याचेच ओघळ उमटतात. हे त्याचं शास्त्र झालं. तुमची साखरझोप हे त्याहून मोठं शास्त्र आहे. गच्चीवर सोलर पॅनल असतील तर तेही भर दुपारी, हात लावला तर पोळेल अशा वेळी, गार पाण्याचं प्रेशर मारून धुवून घ्या. काच तडकली तर वॉरंटीचा कागद घेऊन दुकानात जा. तिथल्या लोकांचीही करमणूक झाली पाहिजे.

मग येतो सगळ्यांचा आवडता मंत्र: "फुल्ल मारा की!"

मशीनवाल्याकडे रंगीत नोझल असतात. लाल म्हणजे शून्य अंश, पिवळं पंधरा, हिरवं पंचवीस, पांढरं चाळीस, आणि काळं साबणासाठी. लालमधून पाणी एका रेघेत निघतं, लाकूड कोरतं, जुना गिलावा सोलून काढतं. बहुतेक भिंतींना हिरवं किंवा पांढरं लावून, हातभर लांबून, वरून खाली येत मारायचं असतं. पण त्याला तसला जोरदार आवाज नसतो, त्यामुळे आपले पैसे वसूल झाल्यासारखे वाटत नाहीत. म्हणून लालच लावायला सांगा. पेव्हर ब्लॉकच्या सांध्यातली वाळू उडून ब्लॉक हलायला लागले, वीस वर्षांपूर्वीचा रंग पापुद्र्यासकट खाली आला, की मग त्याच दमात विचारा, "आमचा रंग कशानं गेला?" रंग आधीच सुटलेला होता, नखानेही निघाला असता, हे तो सांगेल. सांगू द्या.

तो यायच्या आधी फरशीवर थोडं अ‍ॅसिड टाकून ठेवलंत तर सोन्याहून पिवळं. आपल्याकडे निम्म्या जुन्या घरांना शहाबादी आहे. शहाबाद काही लांब नाही, गुलबर्ग्याच्या पुढे. ती फरशी म्हणजे चुनखडीचा दगड. अ‍ॅसिड पडलं की फसफसून फेस येतो आणि आपल्याला वाटतं घाण निघतेय. निघतोय तो दगड. वरची गुळगुळीत पाठ खाऊन फरशी खरखरीत होते आणि पुढच्या वेळी दुप्पट घाण धरते. कडप्प्याचंही तसंच. वर वास जावा म्हणून ब्लीचिंग पावडरही टाकली, तर दोन्ही मिळून क्लोरीन वायू सुटतो. मग पोरांना खोकल्याची उबळ येते, तेव्हा "बिडी कमी करा रे" असा प्रेमाचा सल्ला द्या.

जिन्याचे कोपरे. इथे थोडं थांबावं लागेल. महाराष्ट्रात गुटखा २०१२ पासून बंद आहे. त्यामुळे जिन्यात दिसतात ते डाग गुटख्याचे नसतात, ते पहिल्या मजल्यापासून गच्चीपर्यंत आपोआप उगवतात. मावा तर टपरीवर डोळ्यांदेखत घासून मिळतो. त्यात सुपारी, तंबाखू, चुना. पानवाले त्यात काताची भर घालतात. हा रंग कच्च्या गिलाव्याच्या छिद्रांत मुरतो. वरचा थर पाण्याने जातो, मुरलेला जात नाही. त्याला केमिकल लावून, थांबून, ब्रशने घासून परत मारावं लागतं, आणि तेवढं करूनही फिकट सावली राहते. वर्षानुवर्षं थुंकल्यावर राहणारच. पण तुमची मागणी "शंभर टक्के गेला पाहिजे" हीच ठेवा. कुणी थुंकला त्याला कुणी काही विचारत नाही, कारण तो कमिटीत असतो. पुसणाऱ्याकडून मात्र हमीपत्र पाहिजे! पोरगं गुडघ्यावर बसून तुमच्या तोंडातून पडलेलं खरवडतंय, आणि तुम्ही त्याच्या शेजारून जिना उतरताना तोंड भरलेलं म्हणून हाताने खुणा करून दाखवता, "तिकडं राहिलंय". मग कोपऱ्यात देवांच्या टाइल्स बसवता. लोक टाइल्सच्या बरोबर चार बोटं बाजूला थुंकतात. श्रद्धा आहे ना. आम्ही भिंत ओली सोडून पाइप गुंडाळायला खाली येतो, तोवर वर ताजा डाग पडलेला असतो आणि तोही आमच्याच बिलात येतो.

असो.

मध्येच पोराच्या हातातून गन घ्या, रील काढा, पायही धुवून घ्या. या पाण्याचं प्रेशर शे-दीडशे बारच्या घरात असतं, जवळून लागलं तर कातडी भेदून आत शिरतं. बाहेरून सुई टोचल्याएवढं भोक दिसतं, दुखतही नाही फारसं. आत मात्र घाण पाणी पसरलेलं असतं आणि तासाभरातच बोट सुजायला लागतं. मलमपट्टीने भागत नाही, लगेच दवाखाना गाठावा लागतो, ऑपरेशनही करावं लागू शकतं, उशीर केला तर बोटही जाऊ शकतं. पण रील छान येते.

पैशांचं शास्त्र वेगळं. काम संपलं की अध्यक्ष गावाला गेलेले असले पाहिजेत. सचिवांनी "मेन्टेनन्स जमा झाला की बघू" म्हणावं, खजिनदारांनी "सही दोघांची लागते" म्हणावं. मग तिघांनी मिळून पार्किंगमध्ये फिरून एक डाग शोधावा. सापडतोच. आम्हाला दाखवला तो ऑइलचा होता, सचिवांच्याच बुलेटखाली. ती बुलेट काम चालू असतानाही तिथून हलवली नव्हती आणि दाखवतानाही टपटप गळत होती. ऑइलच्या डागाला डीग्रीझर म्हणजे तेल सोडवणारं केमिकल लागतं, गरम पाणी लागतं आणि सगळ्यात आधी गाडी हलवावी लागते, हे सांगून उपयोग नाही. निम्मं बिल अडवायला एक डाग पुरतो.

आणि आता शेवटची, सगळ्यात किफायतशीर युक्ती. सगळं आवरून पोरं टेम्पोत बसायला लागली, की खांद्यावर हात ठेवून म्हणायचं, "मालक, जाता जाता तेवढं मागचं झाकण उघडून सेप्टिक टँकमध्ये प्रेशर मारून द्या की. पावसाळ्याच्या आधी झालेलं बरं. एक पोरगं उतरवा आत. पाचशे जास्त घ्या."

त्यासाठी पोरगं बारकं निवडा, झाकणाचं तोंड लहान असतं. तोंडाला रुमाल बांधा. कमरेला दोरी असली तर ठीक, नसली तरी चालतंय. आत वायू आहे का ते बघायला काडी पेटवून टाका.

काडी पेटवून काय कळतं ओ? मिथेन असला तर भडका उडतो, आणि हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूचा काडीवर काही पत्ता लागत नाही. पहिल्यांदा सडक्या अंड्याचा वास येतो, मात्रा वाढली की नाकच बधिर होतं. वास गेला, आता चालतंय, असं म्हणत माणूस आणखी एक पायरी उतरतो आणि तिथेच कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही जातो. दर थोड्या दिवसांनी पेपरात हीच बातमी असते, फक्त गावाचं नाव बदलतं. त्यात प्रेशर मारायचं म्हणता. तळाचा गाळ ढवळला की त्यात अडकलेला वायू एकदम वर येतो. म्हणजे नुसतं उतरण्यापेक्षा प्रेशर घेऊन उतरणं जास्त वाईट. हे मी त्यांना उभ्या उभ्या समजावून सांगितलं. उत्तर काय आलं? "मागच्या वेळी एक जण उतरला होता की, काही झालं नाही."

काही झालं नाही! तुमचं पोरगं उतरवाल का? बाथरूममध्ये पाल निघाली तर त्याला बाहेर काढता तुम्ही, आणि माझ्याकडच्या अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराला पाचशे रुपयांत मैल्यात उतरा म्हणता? त्याचा बाप लूमवर दिवसभर उभा असतो. संध्याकाळी त्याला जाऊन मी काय सांगू? तुमच्या सोसायटीत दोन डॉक्टर राहतात, एक मास्तर आहेत, एक जण रोज ग्रुपवर माणुसकीचे सुविचार टाकतात. सगळे तिथेच उभे होते. एकाच्या तोंडून "नको" निघालं नाही.

कायदाही आहे, २०१३ चा, हाताने मैला साफ करायला लावण्यावर बंदी घालणारा. संरक्षणाच्या साधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवला, तर पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. माणूस गेला तर भरपाई दहा लाख होती, ती सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये तीस लाख केली. पण कायदा माहीत नव्हता म्हणून तुम्ही विचारलंत, असं मला वाटत नाही. गाडी बोलवायला पैसे पडतात आणि पोरगं स्वस्त पडतं, म्हणून विचारलंत.

सेप्टिक टँक उपसायला सक्शनची गाडी येते. महापालिकेत चौकशी करा, खाजगी गाडीवालेही आहेत. पाइप आत जातो, माणूस बाहेर राहतो. खर्च प्रत्येक फ्लॅटला वाटून टाका, एका संध्याकाळच्या हॉटेलापेक्षा कमी येईल. आणि झाकण तुटलंय तुमचं, वर फळी ठेवलीय आणि लहान मुलं तिथेच क्रिकेट खेळतात. ते आधी बदला.

टँकमध्ये पोरगं उतरवलं नाही म्हणून पार्किंग धुतल्याचे पैसे कापता येत नाहीत. डागाचं कारण सांगू नका, बुलेट हलवा, तो डाग मी फुकट काढून देतो. शनिवारी सकाळी दहाला येतोय. अध्यक्ष गावाला गेले असतील तर पाकीट वॉचमनकडे ठेवा.