'शंका विचारत बसू नका' म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

"सीईटीचं गणित अवघड जातंय? शंका विचारण्यात वेळ घालवू नका, हे चार उपाय करा." हा मेसेज सध्या नागपुरात पालकांच्या ग्रुपवर फिरतोय. काल तो माझ्या भाचीकडे पोचला. तिचा प्रश्न आला, "मावशी, मग क्लास सुटल्यावर सरांकडे थांबू नको का?" मी स्वतः बारावीला गणित शिकवते. हे वाचून राग आला, म्हणून लिहितेय.

सगळ्यात घातक पहिलाच उपाय. प्रश्नाचा फोटो काढा, ॲप उत्तर देईल, ते वहीत उतरवा, शंका मिटली. काय मिटलं? दरवर्षी हमखास दिसणारं उदाहरण घ्या: रूट साइन एक्स भागिले (रूट साइन एक्स अधिक रूट कॉस एक्स), ० ते पाय/२ इंटिग्रेशन. ॲप पाय/४ सांगतं, बरोबरच सांगतं. आता मर्यादा बदलून पाय/६ ते पाय/३ करा. उत्तर होतं पाय/१२. पर्यायांत पाय/४ ठेवलेला असला की उतरवून घेतलेलं पोर त्यावरच टिक करून येतं. दोन्ही मर्यादांची बेरीज पाय/२ आहे, म्हणून एक्सच्या जागी पाय/२ वजा एक्स घातलं की साइनचा कॉस आणि कॉसचा साइन होतो. मूळ इंटिग्रेशनमध्ये हे मिळवलं की आत नुसता १ उरतो. मग मर्यादांची वजाबाकी करायची आणि तिचं निम्मं घ्यायचं, संपलं. पण "पाय/२ च का घातलं?" हे पोरानं तोंडानं विचारल्याशिवाय मर्यादांची बेरीज बघायची सवय लागत नाही. त्यासाठीच सरांकडे थांबायचं, आणि जिथवर स्वतः सोडवलं तेवढं कच्चं काम सोबत न्यायचं. रात्री विचारायला कुणी नसेल तर ॲपमधली पहिली ओळ बघा, बाकी झाकून ठेवा. एवढी सूट मी देईन.

दुसरा उपाय, अकरावी सोडून द्या. ही परीक्षा घेणाऱ्या राज्याच्या सीईटी सेलची माहिती उघडून वाचली असती तर हे लिहिलं नसतं. गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण, सुमारे २० टक्के भार अकरावीवर. म्हणजे साधारण २० गुण सोडायला सांगताय! वर काठिण्यपातळी जेईई मेन या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेच्या तोडीची, हेही तिथेच लिहिलंय. आणि नागपूरच्याच व्हीएनआयटी या इंजिनिअरिंग संस्थेत बी.टेक.ला जायचं तर जेईई मेनच द्यावी लागते. तिथे अकरावी टाळता येतच नाही.

पर्यायांतली उत्तरं प्रश्नात उलट घालून बघा, हा तिसरा. यात तथ्य आहे, नाही म्हणत नाही. ९० मिनिटांत ५० प्रश्न, एकाला दोन मिनिटंही मिळत नाहीत, तेव्हा जिथे जमेल तिथे वापरावं. पण जेईई मेनच्या गणितात २५ पैकी ५ प्रश्नांना पर्यायच नसतात, उत्तराचा आकडा टाइप करावा लागतो.

राहिला चौथा, काहीच आलं नाही तर डोळे मिटून 'सी'. सीईटीत चुकलं तरी गुण कापत नाहीत, म्हणून प्रश्न कोरा ठेवू नये, एवढं बरोबर. 'सी'त विशेष काही नाही. अंदाजानं कुठलंही अक्षर लावलं तरी शक्यता चारात एक. आणि जेईई मेनमध्ये चुकलेल्या उत्तराला १ गुण जातो, हे मेसेजमध्ये कुठेही नाही. तो मात्र दोन्ही परीक्षा देणाऱ्या पोरांना सरसकट पाठवला जातोय.