डोनर उपलब्ध नाही

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांब होणार. वेळ नसेल त्यांनी खुशाल पुढे जा.

आमच्या बिल्डिंगमधल्या एक काकू संध्याकाळी घरी आल्या. हातात झाकलेली वाटी नव्हती, तेव्हाच कळलं की काम वेगळं आहे. त्यांच्या मुलाने कॉलेजात असताना एका शिबिरात गालाच्या आतला स्वॅब देऊन स्टेम सेल, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या पेशी, देणारा डोनर म्हणून नाव नोंदवलं होतं. आता रजिस्ट्रीतून, म्हणजे अशा डोनरांची यादी ठेवणाऱ्या संस्थेतून, फोन आलाय. एका पेशंटशी त्याचं जुळतंय, पुढच्या तपासणीला या म्हणून. मुलगा तयार आहे. काकू मला म्हणाल्या, "तुला यातलं सगळं माहीत आहे ना, मग नाही कसं कळवायचं ते सांग. म्हणजे वाईट न दिसता."

वाईट न दिसता!

नाव लिहीत नाही. बिल्डिंगमधले निम्मे लोक इथे आहेत, ओळखतील. ओळखू देत.

मला यातलं का माहीत आहे ते जुन्या मित्रमैत्रिणींना ठाऊक आहे. माझ्या बहिणीचा मुलगा. सहा वर्षांचा होता, ताप जाईना, अंगावर काळेनिळे डाग, आणि मग रिपोर्टमध्ये ल्युकेमिया. लहान मुलांचा हा ब्लड कॅन्सर बहुतेकदा नुसत्या केमोने बरा होतो असं डॉक्टरांनी सुरुवातीलाच सांगितलं आणि आम्ही तेवढंच धरून बसलो. केमोचा पहिला टप्पा संपला तरी त्याच्या मॅरोमध्ये, म्हणजे हाडांच्या आत जिथे रक्त बनतं तिथे, कॅन्सरच्या पेशी उरल्या होत्या. एमआरडी पॉझिटिव्ह, म्हणजे हाय रिस्क. केमोवर भागणार नाही, दुसऱ्याच्या स्टेम सेल लागतील. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळायची शक्यता चारात एक असते. धाकटीचं रक्त तपासलं, जुळलं नाही. "माझं रक्त वाईट आहे का?" असं ती आपल्या आजीला विचारत होती. चार वर्षांची पोर.

मग रजिस्ट्रीत शोध. एक डोनर जुळला. कोण, कुठला, काही सांगत नाहीत, तसा नियमच आहे. बहिणीने देवापुढे साखर ठेवली. तिच्या सासूबाईंनी, ज्या कुणाच्या हातचं पाणी घेतानाही दहा चौकशा करतात, त्यांनी त्या अनोळखी माणसासाठी रोज दिवा लावायला सुरुवात केली. जात विचारली नाही, बरं का.

आणि एक दिवस निरोप आला, डोनर उपलब्ध नाही.

का नाही, ते कुणी सांगितलं नाही. आजारी पडला असेल, परदेशी गेला असेल, बाई असेल तर गरोदर राहिली असेल, अशी कारणं आम्हीच शोधून त्याला माफ करत राहिलो. आज माझ्या सोफ्यावर बसून काकू जे बोलल्या ते ऐकताना वाटलं, त्या घरातही हेच बोलणं झालं असणार. "मणक्यातून काढतात म्हणे." "उद्या लग्न जमवताना मुलीकडचे विचारतील, काय झालं होतं याला." "कायमचा अशक्तपणा आला तर?" "ज्याचं नावसुद्धा माहीत नाही त्याच्यासाठी आपलं पोर कशाला पणाला लावायचं?"

मणक्यातून काहीही काढत नाहीत हो! बहुतेक वेळा चार-पाच दिवस इंजेक्शनं देतात, स्टेम सेल मॅरोतून रक्तात उतरतात, मग प्लेटलेट देताना बसतात तसं मशीनला हात लावून काही तास बसायचं. एका हातातून रक्त जातं, सेल वेगळ्या होतात, उरलेलं रक्त दुसऱ्या हातातून परत येतं. कधीकधी मॅरोच लागतो, तेव्हा भूल देऊन कमरेच्या हाडातून काढतात. तोही शरीर काही आठवड्यांत भरून काढतं. ब्लड ग्रुपही जुळावा लागत नाही, पेशंटचाच ग्रुप पुढे डोनरसारखा होतो.

त्रास काहीच होत नाही असं मी म्हणणार नाही. इंजेक्शनांनी हाडं दुखतात, डोकं दुखतं, ताप आल्यासारखं वाटतं. शिबिरात हे सगळं नीट न सांगता नुसते फॉर्म भरून घेत असतील तर तीही चूकच. हे मान्य. पुढे.

काकू वाईट नाहीत, हाच तर खरा त्रास आहे. भाचा आयसोलेशनमध्ये होता तेव्हा याच काकूंनी त्याच्यासाठी तुळजापूरचा नवस बोलला होता. आणि फेडून आल्या, माझ्याही आधी. बहीण तेव्हा दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत दिवस काढून आलेली, तिच्यासाठी चटण्या करून पाठवल्या होत्या. त्यामुळे मी काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. आवाज चढला माझा. त्या उठून गेल्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मला आत्ता ते आठवून कसंतरी होतंय.

पण लगेच दुसरंही आठवतं. नवस कुणाच्याही मुलासाठी बोलता येतो, मग स्वतःचा मुलगा, तोही तेवीस वर्षांचा, नोकरी करणारा, स्वतः तयार असलेला, त्याला दोन दिवस दवाखान्यात पाठवता येत नाही? मतदान करतो, कर्ज काढून बाईक घेतो, आणि इथे मात्र "आमच्या घरात असं चालत नाही."

1983 मध्ये मुंबईत टाटा हॉस्पिटलला डॉ. सुरेश अडवाणींनी देशातलं पहिलं बोन मॅरो ट्रान्सप्लांट केलं. पेशंट नऊ वर्षांची मुलगी, डोनर तिचा भाऊ. तेव्हा कुणाला यातलं काय माहीत होतं? तरी त्या आईबापांनी एका मुलासाठी दुसऱ्याला पुढे केलं. आज सगळी माहिती खिशातल्या फोनवर आहे. महाराष्ट्राहून कमी वस्तीच्या जर्मनीत कोटीच्या आसपास लोकांनी नाव नोंदवलंय, आणि आपल्या अख्ख्या देशात काही लाख. शिवाय जर्मनांची यादी आपल्या पोरांच्या फारशी कामाची नाही, कारण हे जुळणं वंशावर जातं. आपल्या मुलांना जुळणारा माणूस आपल्यातच सापडायची शक्यता जास्त. म्हणजे शेवटी काकूंच्या घरातच.

भाच्याचं पुढे काय झालं ते विचारणार म्हणून सांगते. बाबाच्या सेल घेतल्या, हाफ मॅच, म्हणजे अर्ध्याच जुळणाऱ्या. हल्ली औषधं चांगली आहेत, हाफ मॅचही होतं, म्हणून "मग अनोळखी डोनर हवाच कशाला" असं कुणी म्हणेल. कोणाला काय योग्य ते डॉक्टर ठरवतात, पण त्यांच्या हातात पर्याय तर असू देत. भाच्याला नंतर जीव्हीएचडी झाला, म्हणजे नव्या पेशी त्याच्याच शरीरावर उठल्या. आधी अंगभर पुरळ, मग जुलाब, इतके की बहीण डायपर मोजून लिहून ठेवायची. पूर्ण मॅच मिळाला असता तर हे झालंच नसतं असं डॉक्टर म्हणाले नाहीत, मीही म्हणत नाही. पण मनात येतं. रात्री येतं.

आता तो शाळेत जातो. गोळ्या चालू आहेत, गालांवर सूज आहे, गणितात बापावर गेलाय.

एक गोष्ट काकूंना सांगायची राहिली, ती इथे लिहिते, वाचतील. नाही म्हणायचा हक्क डोनरला शेवटपर्यंत असतो. पण ट्रान्सप्लांटच्या आधी पेशंटला जबर केमो, कधी अख्ख्या अंगाला रेडिएशन देऊन त्याचा स्वतःचा मॅरो संपवून टाकतात. त्यानंतर डोनर फिरला तर त्या मुलाकडे जुनं रक्त बनवणारंही काही उरलेलं नसतं. तेव्हा नाहीच म्हणायचं असेल तर आज म्हणा, रजिस्ट्रीला फोन करून स्पष्ट म्हणा. फोन न उचलणं, "पुढच्या आठवड्यात बघू", "परीक्षा आहे" हे करू नका.

आणि तुमच्यातल्या ज्यांनी कधी हौसेने, मित्रांबरोबर, सेल्फीसाठी नाव नोंदवलं असेल, त्यांनी नंबर बदलला असेल तर रजिस्ट्रीला नवा कळवा. घरी आत्ताच सांगून ठेवा. द्यायचं नसेल तर यादीतून नाव काढून घ्या, मी एका शब्दाने बोलणार नाही.

कमेंटमध्ये "देवाच्या मनात असेल ते होतं" लिहिणाऱ्यांना आज ब्लॉक करणार आहे.